माफ केलेलं सुतक

इनामदारांपुढे धोंडजी सनईवाल्याच्या तोंडून "होय सरकार"शिवाय दुसरा शब्द कधी निघाला नव्हता. त्याची लेक सगुणा चिडायची, "आबा, एकदा तरी नाही म्हणा की!"

ती सगुणा तापाने गेली, आणि तिसऱ्याच दिवशी इनामदारांनी नातवाच्या बारशाला सनई वाजवायचा हुकूम धाडला. धोंडजी वाड्यावर जाऊन अंगणातच उभा राहिला.

"सरकार, मला सुतक आहे."

पानाचा विडा तोंडात सारत इनामदार म्हणाले, "जा, तुझं सुतक आम्ही माफ केलं! उद्या वेळेवर ये."

भोवतालची माणसं हसली. धोंडजीने मान वर केली.

"उपकार झाले, सरकार. आता या छातीतलं दुःखही तेवढं माफ करा, म्हणजे सनईत फुंकायला श्वास मोकळा होईल. ते आपल्याला जमत नसेल, तर मी नाही वाजवणार."

इनामदारांचा विडा तोंडातच राहिला.

धोंडजी माघारी फिरला. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं! कधी एकदा सांगतो असं होऊन तो झपाझप घर गाठायला निघाला, आणि उंबऱ्याशी येऊन "सगुणे" अशी हाक मारून बसला.