गिरजाक्काच्या भिंतींची साक्ष

"ही इमारत आमच्या पणजोबांची तालीम होती. दुकान उचला!"

निंबसरच्या सुभानराव राजांनी भर बाजारात घोड्यावरूनच हुकूम सोडला, आणि गिरजाक्का वाणिणीच्या हातातली तागडी तशीच लोंबत राहिली.

निंबसर संस्थान ते केवढं! राजेसाहेब गच्चीवर शिंकले की वेशीवरचा पहारेकरी दचकायचा, एवढं. पण राजेसाहेबांचा शौक मात्र मोठा, कुस्तीचा. पैलवान जमले होते ढीगभर आणि त्यांना घुमायला जागा नव्हती. गिरजाक्काचं दुकान ऐन चौकात, दगडी भिंतींचं, उंच छपराचं. ते पाहून कारभारी दाजीबांनी राजांच्या कानात सोडून दिलं होतं, "सरकार, मुळात ती आपलीच तालीम! वाण्यांनी मागाहून बळकावली." कारभाऱ्यांना इतिहास येत नव्हता, पण राजांना काय आवडतं ते चांगलं येत होतं.

अख्ख्या गावात दुकान एवढं एकच. मिठापासून सुंभापर्यंत आणि हिंगापासून खराट्यापर्यंत सगळं तिथंच मिळायचं. नवरा गेल्यावर गिरजाक्कानं ते एकटीनं सांभाळलं होतं. ते गेलं तर तिला दुसरा आसरा नव्हता. पण बाई वाण्याची! तिनं तागडी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"सरकार, माझ्या आजेसासऱ्याच्या बापानं बांधलंय हे. पहिल्या दिवसापासून दुकानच हाय. गावातल्या म्हाताऱ्यांना इचारा की!"

"म्हातारे तुझ्याच दुकानची तंबाखू खातात," राजे म्हणाले. "ते तुझीच री ओढणार!"

"मग कागद दावते."

"कागद काय, आमचे कारभारीही लिहितील. हवा तेवढा जुना!"

दाजीबा लाजून हसले. राजांना स्वतःच्या न्यायाचाही भारी अभिमान होता, म्हणून त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "आम्ही काही जुलमी नाही. येत्या बाजाराच्या दिवशी इथंच न्याय करू. ह्या भिंतींनी स्वतः साक्ष द्यावी, की आम्ही दुकानाच्या आहोत! पण माणसाची जीभ मधे चालायची नाही. माणूस खोटं बोलतो."

"भिंती बोलतील, सरकार," गिरजाक्का म्हणाली. "माणसाची जीभ न्हाई लावणार. दुसऱ्या कुणाची चालंल न्हवं?"

"खुशाल!" राजे हसत हसत निघून गेले.

दाजीबा मात्र कच्चे नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणसं धाडून दुकान रिकामं केलं. पोती, डबे, बुधले, सगळं समोरच्या वडाखाली. मग आतल्या भिंतींना चांगला जाड चुना फासला. "आता बोलव म्हणावं भिंतींना!" श्रावणाचे दिवस, हवा ओलीचिंब. गिरजाक्का आपल्या सामानावर घोंगडी टाकून वडाखाली बसून राहिली.

बाजाराच्या दिवशी गाव लोटलं. राजे खुर्चीवर बसले. "हं, कुठंय तुझी साक्षीदार जीभ?"

गिरजाक्कानं हाक मारली आणि येसू धनगर आपल्या शेळ्या घेऊन पुढं आला.

"शेळ्या?" दाजीबा ओरडले. "सरकारांच्या तालमीत शेळ्या?"

"माणसाची जीभ नको म्हणालं सरकार. ही शेळीची हाय!"

शेळ्या आत शिरल्या. इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि साऱ्याजणी उजव्या हाताच्या भिंतीशी गेल्या. तिथला नवा चुना फुगून पापुद्र्यांनी गळून पडला होता. खाली दगड ओले दिसत होते. शेळ्या ते दगड अशा चाटायला लागल्या, की येसूनं काठी आपटली तरी हलेनात!

"पिढ्यान्‌पिढ्या मिठाची पोती ह्याच भिंतीला टेकून असायची, सरकार. मीठ दगडात मुरलंय. पावसाळा आला की घाम सुटल्यासारखं बाहेर येतंय. चुना टिकतोय व्हय त्यावर?"

लोक माना डोलवू लागले. तेवढ्यात दाजीबांनी टाळी वाजवली.

"घाम! सरकार, बाई स्वतःच बोलली! तालमीत पैलवान भिंतीला टेकत होते. घाम खारट असतो. तोच मुरलाय दगडात!"

राजांचे डोळे चमकले. गिरजाक्काच्या तोंडचं पाणी पळालं, कारण कारभाऱ्यांचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. घाम खारटच की! तिनं रिकाम्या दुकानात चहूकडं नजर फिरवली. मग सावकाश समोरच्या कोपऱ्यात गेली आणि तिथं खाली वाकली.

"सरकार, जरा हितं या. कारभारीसायेब, तुमी बी या."

राजे उठून गेले. त्या कोपऱ्यात, फरशीच्या फटीतून मुंगळ्यांची ही भली मोठी रांग लागली होती. आत जाणारे जात होते, बाहेर येणारे येत होते, जणू लग्नघरच!

"हितं गुळाच्या ढेपा असायच्या. दर पावसाळ्यात पाझरायच्या, आणि पाक फटीत जायचा," गिरजाक्का म्हणाली. "कारभारीसायेब म्हणत्यात त्या भिंतीला पैलवानांचा घाम. बरं, मानलं! मग ह्या कोपऱ्यात कोण बसत हुतं? निंबसरच्या तालमीत निम्म्या पैलवानांना खारट घाम यायचा आणि निम्म्यांना गोड?"

मग राजांच्या पोटातून हसू उसळलं. एवढं हसले की फेटा कलला, डोळ्यांतून पाणी आलं! पैलवान एकमेकांच्या दंडांकडं बघून खिदळायला लागले. दाजीबांनाही हसावं लागलं, कारण सरकार हसत होते.

"कारभारी! गोड घामाचा पैलवान दाखवाल, त्या दिवशी ही जागा तालमीची! तोवर हिच्या वाटेला जायचं नाही. आणि ते वडाखालचं सामान तुम्ही स्वतः आत आणून ठेवायचं. सुरुवात मिठाच्या पोत्यापासून!"

मग राजांनी गिरजाक्काला जरीचं लुगडं दिलं आणि जाहीर केलं, "तालमीला आम्ही नदीकाठी नवी इमारत बांधू. पण पैलवानांचा सगळा खुराक, गूळ-खारीक-बदाम, कायमचा ह्याच दुकानातून!"

गिरजाक्कानं लुगडं कपाळाला लावलं. डोळे भरून आले होते, पण जीभ काही भरून आली नव्हती.

"लई उपकार झाले, सरकार! फकस्त एक करा. पैलवान सामान न्यायला आले, तर त्यांना भाईरच उभं रहायला सांगा. भिंतीला टेकू देऊ नका."

"का गं?"

"उद्या तुमचे नातू न्याय करायला बसतील. माझा पुरावा खराब व्हायला नको!"