चिखल्याची एकादशी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगता येणार नाही. पण माणसं तेव्हाही आजच्यासारखीच होती, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला तयार आणि स्वतः शिकायला नाखूश.

त्या काळी एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथली माती चिकट आणि काळी, मडक्यांसाठी एक नंबर. गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं, एक कुत्रा होता. पिल्लू असताना तो मातीच्या खड्ड्यात पडला होता आणि कुंभारानं त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं होतं. म्हणून त्याचं नाव चिखल्या.

चिखल्या म्हणजे घराला लागलेला एक उपद्रव होता. कुंभारानं ओली मडकी अंगणात वाळत मांडली, की हा त्यांच्यामधून धावलाच पाहिजे. आल्यागेल्यावर भुंकणं, शेजारच्या कोंबड्या पिटाळणं, चुलीपुढची भाकरी पळवणं, यांत त्याचा दिवस कसा जायचा ते कळत नसे. कुंभार ओरडायचा, "तंगड्या मोडतो थांब तुझ्या." आणि दुपारी जेवायला बसला, की पहिला घास त्यालाच टाकायचा. बायको म्हणायची, "पोटचं पोर आसतं तरी येवढं छळलं नसतं." म्हणताना तिच्या आवाजात राग नसायचा.

त्या गावापासून दोन कोसांवर, रानाच्या कडेला, एक म्हातारी राहायची. तिला जनावरांचं औषधपाणी कळे. सगळे तिला गुरांची आजी म्हणत, पण कुत्री-मांजरंही तीच बघायची. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, ती गावात येऊन उंबराखाली बसे आणि म्हणे, "आजारी असंल ते आना, आन धड असंल तेबी आना."

लोक आजारी तेवढं आणत. धडधाकट जनावर वैद्यापुढं नेलं, की दुखणं घर विचारत येतं, असं त्या गावात पक्कं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि पुरावा कुणापाशीच नसतो.

एका उन्हाळ्याच्या शेवटी आजी उंबराखालून निघाली आणि पाणी प्यायला कुंभाराच्या दारात थांबली. चिखल्यानं तिच्यावर भुंकून घेतलं, मग तिचा पदर हुंगला, मग पायाशी लोळण घेतली. आजीनं त्याच्या कानामागं हात फिरवला. तिचा हात तिथंच थांबला.

"बाबा, याला जरा नीट बघू दे मला. कान, दात, पंजे. आता पाऊस पडंल, गवत वाढंल, मग गोचिड्यांचा सुकाळ हुतो."

कुंभाराची बायको म्हणाली, "बघू द्या की. आजी दारात आलीच हाय तर."

कुंभारानं मान हलवली. "नगं आजी. सहा वर्सांत शिंकलासुदीक न्हाई माझा कुत्रा. उगा कशाला दुखण्याला आवतान द्यायचं?"

आजीनं अंगणातल्या मडक्यांकडं पाहिलं. "भट्टीतून काढल्यावर परत्येक मडक्याला टिचकी मारून बघतोस न्हवं?"

"ते बघायलाच लागतं. मडकं इकायचं आसतं आजी. कुत्रा थोडाच इकायचाय?"

"मग तर जास्तच बघून घ्यावा," आजी म्हणाली. पाणी पिऊन तिनं तांब्या पालथा ठेवला आणि ती चालायला लागली.

पाऊस झाला. नदीकाठी गुडघ्याएवढं गवत वाढलं आणि चिखल्या त्यात दिवसभर हुंदडला. श्रावण लागेपर्यंत मात्र त्याचं हुंदडणं कमी झालं. मडकी वाळत असली तरी तो त्यांना वळसा घालून सावलीत जाऊन पडे. एक आठवडा गेला, दोन गेले, आणि एकही मडकं फुटलं नाही.

कुंभाराला केवढा आनंद झाला. तो शेजाऱ्याला म्हणाला, "अक्कल आली बघा माझ्या चिखल्याला."

मग चिखल्यानं भुंकणं सोडलं. कुंभार म्हणाला, "आता त्याला मानसं कळाया लागली." मग त्यानं कोंबड्यांचा नाद सोडला. शेजारीण म्हणाली, "लई गुनी झालं बाई कुत्रं." आपल्या सोयीची गोष्ट खरी वाटायला माणसाला वेळ लागत नाही, आणि दुसऱ्यानं दुजोरा दिला तर विचारायलाच नको.

पुढं एके दिवशी चिखल्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. योगायोग असा, की त्या दिवशी एकादशी होती. पाटील कुंभाराच्या दारावरून चालले होते. त्यांनी भाकरी पाहिली, कुत्रा पाहिला, आणि ते जागच्या जागी थांबले.

"अरे, आज काय हाय ठावं हाय ना तुला? तुझा कुत्रा एकादशी धरतोय."

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कुंभाराचा कुत्रा एकादशी धरतो. दुसऱ्या दिवशी बाया हळदकुंकू घेऊन आल्या. पाटलांनी झेंडूची माळ आणून चिखल्याच्या गळ्यात घातली. चिखल्यानं ती ओढून फाडली नाही, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. आठवडाभरात शेजारच्या गावची माणसं दर्शनाला येऊ लागली. ज्या कुंभाराला कालपर्यंत कुणी बस म्हणत नव्हतं, त्याला पाटील आपल्या शेजारी घोंगडीवर बसवू लागले. कुंभाराची मान ताठ झाली.

त्याच्या बायकोलाही आधी बरं वाटलं होतं. पण घरातलं खरकटं तीच काढायची. एके दुपारी तिनं नवऱ्याला बाजूला बोलावलं.

"अवो, एकादशी झाली ती झाली. त्यानं बारस नीट कुठं सोडली? बारशीला अर्धी भाकर खाल्ली, तेरशीला चतकोर, मग रोज कमीच. काल तर नुसतं पानी प्यायला. उठताना पाय थरथरत्यात त्याचं."

"अगं, मोठं वरत धरलं आसंल."

"कुत्र्यानं?"

कुंभार चिडला. "समदं गाव म्हनतंय ते खोटं, आन तू म्हनतीस ते खरं?"

खरं सांगायचं, तर त्याच्याही मनात पाल चुकचुकली होती. रात्री चिखल्या त्याच्या पायाशी झोपायचा, आणि त्याचं अंग पूर्वीपेक्षा कढत लागे. पण आता दारात माणसं येत होती. त्यांच्यासमोर 'माझा कुत्रा आजारी आहे' असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं.

बायकोनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पदर खोचला आणि ती दोन कोस चालत गेली. दुपारी ती आली, ती आजीला घेऊनच.

अंगणात दहा-पंधरा माणसं बसली होती. चिखल्या पाटावर पडून होता, गळ्यात ताजी माळ होती. आजीनं आधी ती माळ काढली. मग त्याचा वरचा ओठ उचलला.

"अगं अगं," पाटील म्हणाले. "त्येच्या तोंडाला हात नको लावूस. उपास हाय त्येचा."

"उपास मानसं करत्यात पाटील," आजी म्हणाली. "त्यास्नी जेवन सोडता येतं. जनावर जेवन सोडतं, ते त्येला जेववत न्हाई म्हनून. या, जवळ या, बघा."

चिखल्याच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. आजीनं त्यांवर बोट दाबून दाखवलं. लाली कुठंच नव्हती. मग तिनं कान उलटा केला. आत मक्याच्या कणसाला दाणे भरावेत तशा गोचिड्या भरलेल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत होत्या, शेपटीखाली होत्या, काखेत होत्या. रोज नमस्कार करणाऱ्या इतक्या हातांपैकी एकही हात तिथवर गेला नव्हता. कुंभाराचाही गेला नव्हता.

"रगत प्यालंय ह्यांनी त्येचं समदं," आजी म्हणाली. "आन त्यांच्या चाव्यातनं ताप शिरलाय अंगात. मी बघते काय जमतंय ते. बाकीच्यांनी घरी जावा."

तीन दिवस आजी तिथंच राहिली. एकेक गोचीड चिमट्यानं काढून तिनं मिठाच्या पाण्यात टाकली. बायकोनं कडुनिंबाच्या पाण्यानं त्याचं अंग पुसलं, काढा पाजला. कुंभारानं चाकाला हात लावला नाही. तो चिखल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला आणि पेजेचं पाणी बोटानं त्याच्या जिभेवर सोडत राहिला. चिखल्या डोळे उघडून त्याच्याकडं बघे आणि शेपटीचं टोक तेवढं हलवी.

चौथ्या दिवशी सकाळी ते टोकही हललं नाही. बायको मोठ्यानं रडली. कुंभाराला रडूच येईना.

त्यानं विचारलं, "आजी, उन्हाळ्यात तू म्हनालीस तवा बघू दिलं आसतं, तर?"

आजीनं खोटं सांगितलं नाही. "तवा कानामागं दोनच आसतील. माझ्या बोटाला लागल्यासारख्या वाटल्या, म्हनूनच नीट बघू दे म्हनलं हुतं. काढून टाकायला पान चघळायला लागतो तेवढाबी येळ लागला नसता. वर पंधरा दिसांनी तू सवता बघत ऱ्हायचं, येवढंच सांगनार हुते."

एवढ्यात गाव जमलं. पाटील पुढं होते. ते म्हणाले, "उपासात देह ठेवला. असा जीव पुन्हा होणं न्हाई. आमी ठरवलंय, नदीकाठी त्येची समाधी बांधायची. मूर्ती तू घडवायची. तुझं नाव चार गावांत हुईल."

कुंभार उठून उभा राहिला. समाधी झाली असती तर तो जन्मभर मानाचा धनी झाला असता, आणि त्याची चूक त्या दगडाखाली कायमची झाकली गेली असती. ते त्यालाही कळत होतं.

"मूर्ती मी घडवनार न्हाई," तो म्हणाला. "माझ्या कुत्र्यानं उपास केला न्हवता. तो आजारी हुता आन मी त्येचं कौतुक करत हुतो. तो धावंना, मी म्हनलं शाना झाला. जेवंना, मी म्हनलं भगत झाला. त्येला बोलता येत न्हवतं, आन मला बघायचं न्हवतं. त्येला गोचिड्यांनी न्हाई, मी मारला."

पाटलांचा चेहरा पडला.

"तुमाला त्येच्यासाठी काय करायचंच आसंल," कुंभार म्हणाला, "तर घरी जावा आन आपापल्या जनावराचा कान उलटा करून बघा. धड दिसत आसलं तरी बघा."

लोक पुटपुटत पांगले. दुःखानं याचं डोकं फिरलं, असं दोघेतिघे म्हणालेच. पण घरी गेल्यावर पाटलांनी आतून कडी लावली आणि आपल्या कुत्र्याला जवळ ओढलं. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तासाभरात मात्र ते कुत्र्याला घोंगडीत गुंडाळून, कुणी बघू नये म्हणून मागच्या वाटेनं, कुंभाराच्या दारात हजर झाले. चिखल्याला मातीआड करून कुंभार आणि त्याची बायको नुकतीच परतली होती, आणि तिथं आधीच तिघेजण बसले होते. एकीनं टोपलीत मांजर आणलं होतं.

आजी एकेकाला बघू लागली आणि कुंभार जनावरं धरायला बसला. पाटलांच्या कुत्र्याच्या कानात सहा गोचिड्या निघाल्या. मांजराची दाढ किडली होती. महिनाभर ते एकाच बाजूनं खात होतं आणि घरात त्याला नखरेल म्हणत होते. दोन कुत्र्यांची नखं वाढून पंजात रुतत होती.

शेवटी एक म्हातारा धनगर आपला कुत्रा घेऊन पुढं आला. आजीनं कान पाहिले, दात पाहिले, हिरड्या दाबल्या, पोट चाचपलं, पंजे उघडून पाहिले.

"काय न्हाई. झ्याक हाय."

धनगर हिरमुसला. "काईच न्हाई? मग उगाच आनला म्हनायचा."

"काय न्हाई, येवढं कळायलाच आनायचं आसतं," आजी म्हणाली.

ते ऐकलं आणि सकाळपासून कोरडा राहिलेला कुंभार त्या परक्या कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. धनगरानं कुत्र्याला मागं ओढलं नाही.

तेव्हापासून त्या गावात दर पंधरवड्याला लोक आपापल्या कुत्र्या-मांजरांचे कान, दात आणि पंजे बघतात, आणि आजी आली की धडधाकट जनावरं आधी तिच्यापुढं नेतात. समाधी काही बांधली गेली नाही.

तात्पर्य : मुकं जनावर आपलं दुखणं सांगत नाही, म्हणून ज्याचा त्याच्यावर जीव आहे त्यानं ते धडधाकट असतानाच तपासून घ्यावं.