पांढऱ्या कागदावरची ओळ

चीनमधल्या लिउकोउ गावाच्या वेशीवर नव्या वर्षाला दोन खांबांना दोन ओळी चिकटवतात. तशा त्या देशात घरोघरी असतात, जोडीच्या, लाल कागदावर. इथल्या मात्र पांढऱ्या, म्हणजे सुतकाच्या. पाहुणे विचारतातच. मग वेशीचा राखणदार, म्हातारा वेन, खांबावर थाप मारून सांगू लागतो.

फार जुनी गोष्ट. नदीला पूर आला आणि शेतावर गेलेली माणसं वेशीकडे धावली. नगराधिकारी त्सुईचं धान्याचं कोठार वेशीला लागून, सखलात होतं. दार उघडलं तर पाणी आत शिरेल, म्हणून त्याने स्वतः अडसर धरून ठेवला. बाहेर शेन रुईचा नवरा होता, लेक होती. रुई आत त्सुईचे पाय धरून बसली होती. तिने लेकीची हाक ओळखली, आणि ती हाक थांबली तेही तिला कळलं. पुढे त्सुईने वर कळवलं, दैवाचा कोप झाला.

रुई नव्या वर्षाच्या ओळी लिहून पोट भरी. त्या वर्षी तिने आधी त्सुईला शिव्याशाप लिहिले म्हणे, पानंच्या पानं. मग सगळे चुलीत घातले. शाप वाचून लोक हळहळतात आणि घरी जाऊन जेवतात. तिला त्सुईची कबुली हवी होती, त्याच्याच हातची. तिने वेशीच्या उजव्या खांबावर, सुतकाच्या पांढऱ्या कागदावर, एकच ओळ डकवली:

'पूर ओसरला, दाराबाहेर नखांचे ओरखडे.'

"बघा," वेन म्हणतो, "रडणं नाही, देव नाही, कुणाचं नाव नाही. आणि डावा खांब मोकळा!"

रीत अशी, की उजवीकडच्या ओळीला डावीकडे जोड हवीच, शब्दाला शब्द. 'बाहेर'समोर 'आत' आलंच पाहिजे. गावातले भलेभले पंडित तिथेच अडले, कारण आत काय झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या वर्षाचा कागद फाडणं अशुभ, म्हणून त्सुईला तो काढताही येईना. त्यात त्याला कवी म्हणून मिरवायची भारी हौस. अपुरी ओळ त्याच्या डोक्यात घर करून बसली. जेवतानाही तो ती पुटपुटे. रुई रोज वेशीपाशी बसून वाट बघे.

एकदा प्रांताचा सुभेदार आला. ओळ वाचून म्हणाला, "त्सुई, तुम्ही एवढे कवी, आणि हिला जोड नाही?"

त्सुईने ताडकन कुंचला मागवला. नेमकी जोड त्याला त्याच क्षणी सुचली होती, आणि अशी जोड सुचल्यावर कवीचा हात थांबत नाही, असं सांगतात. त्याने लिहिलं:

'धान्य वाचले, दाराआत बोटांचे ठसे.'

शब्दन्‌शब्द जुळला. तो हसत मागे वळला. कुणीच वाहवा केली नाही, तेव्हा आपण काय लिहिलं ते त्याला कळलं.

रुई पुढे झाली. "सुरेख जमलीय, साहेब. आता खाली नाव घाला. ओळ ज्याची, त्याचं नाव लागतं."

"घाला," सुभेदार म्हणाला.

त्सुईने नाव घातलं. त्याच दिवशी त्याला वेशीबाहेर हाकललं. अडसर रुईने स्वतः लावला. तो अंधार पडेपर्यंत दार ठोठावत होता म्हणे. रुई आत दाराला पाठ टेकून ऐकत बसली, आणि तिला बरं वाटलं. म्हातारा हे लपवत नाही.

आजही लिउकोउला नवा अधिकारी आला, की त्याला आधी बाहेर उभं करून वेस लावून घेतात आणि ठोठावायला लावतात. दार कधी उघडायचं, ते गावातली एखादी बाई ठरवते. तिला घाई नसते.