झोळीची दोरी

"पण काका, स्टिक वर नेताना किती मोजायचं, आणि खाली आणताना किती?"

सुश्रुतने हे तिसऱ्यांदा विचारलं. सावळारामकाका त्याच्या हातांकडे बघत होते.

चाळीस वर्षं गोल्फच्या मैदानावर लोकांच्या बॅगा वाहिलेला हा माणूस आता पोरांना शिकवतो. सुश्रुत त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि ताठही तोच. उद्या राज्याच्या संघाची निवड होती. वयाच्या नियमाने त्याची ही शेवटची संधी, आणि आठवडाभर एक फटका धड सरळ जात नव्हता. मी पलीकडे चेंडू वेचत होतो, म्हणून पक्कं ठाऊक. सगळे झाडीत.

"मोबाइलवर टिकटिक लावून बघितली. तीन आकड्यांत वर, एकात खाली. तरी तेच."

"खाली यायची एवढी घाई का रे?"

"घाई नाही काका... जोर कमी पडेल असं वाटतं."

काका उठले. लिंबाखाली त्यांच्या नातीची झोळी टांगलेली होती, सून पलीकडे गवत काढत होती. पोर किरकिरायला लागली होती. काकांनी झोळीची दोरी सुश्रुतच्या हातात दिली.

"मी हे शिकायला नाही आलो."

"माहीत आहे. झोका दे."

त्याने दिला. झोळी पुरती पलीकडे जायच्या आतच पुन्हा ओढली. हिसका बसला आणि पोरीने भोकाड पसरलं.

"जाऊ दे की तिला पुरती. आपणहून परत निघाली की मग ओढ."

झोळी गेली... क्षणभर थांबली... परत निघाली. त्याने दोरी अलगद ओढली. मग पुन्हा. पोर कधी झोपली, त्याला कळलंही नाही.

"काका, उद्या नाही जमलं तर..."

काकांनी नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगतो, एरवी मला त्या पोराचा रागच यायचा. तेव्हा मात्र माया वाटली.

"आता मार एक. पोर उठली तर तूच निजवायचीस."

सुश्रुत चांगला लांब जाऊन उभा राहिला. स्टिक वर गेली... थांबली... खाली आली. चेंडू सरळ उडाला, आणि हा मान वळवून झोळीकडे बघतोय.

"चेंडू कुठे गेला?" काकांनी विचारलं.

"बघितलाच नाही." त्याने आवाज खाली आणला. "पोर उठली का काका?"

काका हसले.

"उद्याही मनात हेच विचारायचं."