चिमाक्का आणि पाण्यातले देव

फार वर्षं झाली त्याला. करंजखिंडीला तेव्हा सडक आली नव्हती आणि डोंगरावर गोऱ्या साहेबाचा अंमल होता. गावाला पाण्याचा झरा एकच, वरच्या राईत. आणि गावाबाहेर, खालच्या अंगाला, चिमाक्का नावाची एक विधवा एकटी राहायची.

चिमाक्कानं बारा वर्षं थंड हवेच्या गावी एका साहेबाची मुलं सांभाळली होती. ती मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत घाली, की मडम हसून म्हणे, "तसं नाही, असं म्हण." करता करता तिला दोन्ही भाषांच्या खोडी कळल्या. असं म्हणतात, की एकच वाक्य ती सात तऱ्हांनी फिरवून सांगे, आणि अर्थ तसूभर हलत नसे.

पण ती परतली तेव्हा गाव म्हणालं, ही साहेबाघरचं खाऊन आली, हिनं झऱ्याला शिवू नये. ती भांडली नाही. राईतून झिरपून ओढ्यात येई तेवढं पाणी ती भरायची. उन्हाळ्यात ते जेमतेम एका घागरीपुरतं असे.

एका वैशाखात जंगलखात्यानं राईला कुंपण घालायचं काढलं. गावानं तालुक्याच्या कारकुनाकडून इंग्रजी अर्ज लिहून घेतला. 'साहेबानं चूक केली, आमच्या पोटावर पाय देऊ नका, आम्ही देव पाण्यात घालून बसलो आहोत,' असं गावानं सांगितलं आणि कारकुनानं शब्दाला शब्द ठेवला. जंगलखात्याच्या साहेबाला वाटलं, या लोकांनी मूर्ती बुडवून झरा नासवलाय आणि वर मारामारीच्या गोष्टी करतायत. त्यानं झरा त्याच दिवशी बंद केला. राईच्या तोंडाशी दोन शिपाई उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी गावातले रांजण कोरडे पडले. तेव्हा रायाजी पाटील चिमाक्काच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"चिमाक्का, साहेबाचा तळ पठारावर पडलाय. तू बोलशील का? तुला सांगायला आमाला तोंड न्हाई, पण पोरं तहानलीत."

चिमाक्काच्या मनात सगळी वर्षं उभी राहिली. क्षणभर वाटलं, दार लावून घ्यावं. मग तिनं घागरीतलं तांब्याभर पाणी पाटलापुढं धरलं.

"आदी पानी पी, रायाजी. मग निगू."

पाटील ते पाणी प्याला.

पठारावर सारा गाव मागं उभा राहिला आणि चिमाक्का पुढं झाली. तिनं साहेबाकडून तोच अर्ज मागून घेतला, पण वाचला तो इंग्रजांच्या रीतीनं. 'देव पाण्यात' आलं, तिथं ती म्हणाली, गाव श्वास रोखून बसलंय. 'पोटावर पाय' आलं, तिथं म्हणाली, आमच्या तोंडातली भाकरी काढली जातेय. आणि 'साहेबानं चूक केली' असं लिहिलं होतं, तिथं तिनं वाक्यातून साहेबालाच अलगद उचलून बाजूला ठेवलं. कुणी केली ते न सांगता, चूक झाली, एवढंच म्हणाली. इंग्रजीत तशी सोय आहे.

असं म्हणतात, की त्या वेळी पठारावरचा वारा थांबला. साहेबाच्या घोड्यानं मान खाली घातली. आणि गावात एकालाही इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षर न् अक्षर कळलं.

साहेबानं अर्ज परत हातात घेतला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे झऱ्यात मूर्ती नाहीत?"

"न्हाईत साहेब. तहान हाय."

शिपाई संध्याकाळच्या आत उठले. त्या ऐन वैशाखात झरा काठ सोडून वाहिला, असं म्हणतात. चिमाक्का नेहमीसारखी घागर घेऊन ओढ्याकडं निघाली, तेव्हा बायांनी तिच्या हातातली घागर काढून घेतली, झऱ्यात बुडवली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.  तेव्हा ती रडली, असं सांगतात.

आजही करंजखिंडीतून कुठलाच अर्ज थेट जात नाही, मग तो विजेच्या खांबाचा असो की एसटीच्या फेरीचा. आधी तो झऱ्याकाठी मोठ्यानं वाचतात. ऐकायला मुद्दाम परगावचं माणूस बसवतात. काय कळलं, ते त्यानं आपल्या शब्दांत सांगायचं. गावाच्या मनातलं निघालं नाही, तर कागद पुन्हा लिहायचा. याला तिथं 'चिमाक्काला दाखवणं' म्हणतात.

गेल्या साली दवाखान्यासाठीचा अर्ज चारदा लिहून झाला. ऐकायला बसलेली एक नवी सून दर वेळी मान हलवून म्हणायची, "अजून न्हाई कळलं." एकानंही कुरकुर केली नाही. सरपंचानं पाचवा कागद घेतला आणि तिच्या शेजारी येऊन बसला.