दोन भरवसे

“...आणि मग कागद कशाला, माई? तुम्हीच सांगा.”

जगन्नाथ शिवलकरच्या आवाजात राग कमी होता, दुखावलेपण जास्त.

चंद्रामाई खाडीवरच्या टेकडीवर एका लहानशा मठीत राहायच्या. खाली बंदर. बंदराला लागून जगन्नाथ आणि दाऊद मुकादम या दोघांचा बर्फाचा कारखाना. मासेमारीला निघणाऱ्या होड्या तिथूनच बर्फाच्या लाद्या भरून घ्यायच्या. कारखाना उभा राहिला तो दोघांच्या शब्दावर. लिहिलेलं असं काहीच नव्हतं.

जगन्नाथ दर गुरुवारी माईंकडे यायचा. आपलं ‘माझं-तुझं’ सुटलं आहे, असं त्याला वाटायचं. चार माणसांत तो तसं बोलूनही दाखवायचा.

“दाऊद काय म्हणतो?” माईंनी विचारलं.

“वकिलाकडून करारनामा करून घेऊ म्हणतो. कोणी काय ठरवायचं, कोण निघून गेला तर काय, कोण मेला तर त्याचा हिस्सा कुणाकडे... माझ्या मरणाचं कलम घालतोय तो, माई. इतकी वर्षं मी त्याच्याकडे कधी हिशेब मागितला नाही.”

“तो आहे कुठे?”

“खाली, पायरीवर बसलाय.”

“सोबत आलात?”

“एकाच स्कूटरवर.”

“भांडून?”

“भांडलो कुठे... बोलणंच बंद आहे.”



“ते शीतगृह बांधायचं म्हणत होतास ना?”

“हो.”

“समज, तुला हवं आहे आणि दाऊदला नको. मग?”

“मग माझं चालेल.”

“हे ठरलंय?”

“ठरवायचं काय त्यात? पहिल्यापासून तसंच आहे. बाहेरचे व्यवहार मी बघतो. दाऊदला ते माहीत आहे.”

“बरं. बस इथे. आता तू बोलायचं नाहीस.”

माईंनी दाऊदला हाक मारली. तो वर आला. सलाम करून दाराजवळ बसला. जगन्नाथकडे त्याने पाहिलं नाही.

“दाऊद, शीतगृह जगन्नाथला हवं आणि तुला नको, असं झालं तर?”

“तर नाही बांधायचं.”

“कोण म्हणतं?”

“जगूच म्हणाला होता, माई. पाया खणला त्या दिवशी. ‘बांधकाम आणि मशिनरी तुझी, त्यात तुझा शब्द शेवटचा.’ मी त्याच भरवशावर आहे.”

जगन्नाथ उठू लागला. माईंनी एक बोट वर केलं. तो तसाच खाली बसला.

खालून होडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

“असं मी म्हणालो होतो?” जगन्नाथने शेवटी विचारलं. गेले आठ दिवस तो दाऊदशी बोलला नव्हता.

“म्हणाला होतास.”

“मला... आठवत नाही.”

“मला आठवतं.”

माई म्हणाल्या, “भरवसा दोघांचाही पक्का आहे. फक्त तो एका गोष्टीवर नाही, दोन वेगळ्या गोष्टींवर आहे.”

जगन्नाथने मान खाली घातली. ‘माझं चालेल’ हे आपलेच शब्द त्याच्या कानात घोळत होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “तेवढं लिहू. पण मरणाचं कशाला, दाऊद? मी मेलो तर तुला माझ्या बायकोची भीती वाटते?”

“तुझ्या मरणाचं नाही रे.”

“मग?”

“माझ्या.”

दाऊद जमिनीकडे बघत राहिला.

“छातीचं ऑपरेशन आहे. कोल्हापूरला. पुढच्या महिन्यात.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू कारखाना टाकून माझ्या उशाशी बसला असतास.”

जगन्नाथ त्याच्याकडे वळला.

“माझा जावई वाईट नाही,” दाऊद म्हणाला. “पण त्याने कारखाना पाहिलेला नाही. तुलाही तो ओळखत नाही. उद्या तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, सासऱ्यांचा हिस्सा विकायचाय, बाहेरचं गिऱ्हाईक आणलंय... तर तू काय करशील? आख्खा कारखाना त्याच्या हातात देशील आणि घरी जाऊन बसशील. ओळखतो मी तुला. म्हणून लिहायचं. हिश्श्याची किंमत माझ्या मुलीला मिळावी आणि कारखाना तुझ्याकडे राहावा. तुझं काही झालं तर तसंच, तुझ्या घरच्यांना.”

“मला वाटलं... तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

“तुझ्यावरच आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही.”

जगन्नाथ उठला आणि दाऊदच्या शेजारी, दाराजवळ जाऊन बसला.

करारनामा झाला. वकिलासमोर दोघे एकेका कलमावर अडून बसले. बांधकामावर दाऊदचा शब्द राहिला. बाहेरच्या व्यवहारांवर जगन्नाथचा. कर्ज काढायचं तर दोघांची सही. आणि दोघांचं जुळलंच नाही, तर दोघांना मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्या मच्छीमाराचं ऐकायचं. सही करून बाहेर पडल्यावर जगन्नाथला गाढ झोप लागली, तीही भर दुपारी, वकिलाच्या ओट्यावरच. दाऊद त्याच्याजवळ बसून राहिला. उठवलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. जगन्नाथ कोल्हापूरला उशाशी बसलाच. त्या दिवसांत कारखाना कुणी चालवायचा, हेही आता लिहिलेलं होतं.

दाऊद हिंडूफिरू लागला तेव्हा दोघे टेकडी चढून आले. दाऊद मधेमधे थांबत होता. तो थांबला की जगन्नाथही खाडीकडे बघण्याचं निमित्त करून थांबत होता.

माईंना नमस्कार करून जगन्नाथ म्हणाला, “माई, कागद कपाटात ठेवलाय. तो काढायची वेळ आमच्यावर कधी येऊ नये, एवढा आशीर्वाद द्या.”

माईंनी दोघांकडे पाहिलं. मग त्या हसल्या.

“तो आशीर्वाद नाही देणार... कागद झाला म्हणून तर आता कुठे तुम्ही भांडायला मोकळे झालात.”