खुशीच्या देणगीची फरशी

तोंडात साखर घोळवून बोलणाऱ्या माणसावर माझा कधीच भरवसा नाही. कॉलेजचे अध्यक्ष आबासाहेब तसलेच. माझी जाऊ ताराक्का लेकीच्या प्रवेशासाठी त्यांच्यापुढं बसली होती, शेजारी मी. निशिगंधाचं नाव यादीत लागलेलं, फीचे पैसे पदरात बांधलेले.

"फी राहू द्या अक्का, आधी दोन लाख देणगी. अगदी खुशीची! नाही दिली तर जागा दुसऱ्याला जाईल. आणि पावती मिळत नसते बरं का."

ताराक्कानं हात जोडले. "देते की! पण आमच्याकडं देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतात. तुमच्या फाटकाजवळच्या भिंतीवर एक फरशी बसवा, 'निशिगंधाच्या प्रवेशासाठी आईनं खुशीनं दोन लाख दिले.' माझा भाऊ गवंडीच आहे, बोलावू?"

आबासाहेबांच्या तोंडातली साखर विरघळली. "फरशी कशाला उगीच?"

"का? चांगल्या कामाची लाज कसली?"

तेवढ्यात दारातल्या पालकांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आबासाहेब, आमच्याही नावाची फरशी बसवा!"

त्या दिवशी सगळ्यांनी नुसती फीच भरली, तीही पावती घेऊन. फाटकाजवळची भिंत अजून कोरी आहे. येता-जाता मी बघून घेते. असल्या साखरेचा काय नेम!